उभ्या गाडीतली बैठक

आमची गाडी पांढरी आहे, ऑटोमॅटिक आहे आणि बहुतेक वेळ उभीच असते. परागनं घेऊन दिलेली. पराग आमचा एकुलता एक, हैदराबादला कंपनीत आहे. नव्या रायपुरातला हा फ्लॅटही त्याचाच. त्यानं तो राहायला घेतला नव्हता, पुढे भाव वाढतील म्हणून घेतला होता. रिकामं घर खराब होतं असं त्याला कोणीतरी सांगितलं. तेवढ्यात हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले, कॉलनीतलं क्वार्टर सोडायची वेळ आली, आणि त्यानं आम्हा दोघांना आणून या फ्लॅटमध्ये ठेवलं. हे म्हणजे बाबाराव, माझे यजमान. फ्लॅट अजून चांगला आहे. आमची चौकशी कोणी केली नाही.

ज्यांनी नवं रायपूर पाहिलं नाही त्यांना सांगते. रस्ते इतके रुंद की ओलांडताना मध्येच दम लागतो, आणि त्या रस्त्यांवर माणूस दिसत नाही. बस येते, पण तिच्या मर्जीनं येते. कोथिंबीर संपली तर ती दुसऱ्या दिवशीपर्यंत संपलेलीच राहते. आमच्या बिल्डिंगमध्ये अर्ध्याहून जास्त दारांना कुलपं आहेत, कारण बाकीच्यांनीही फ्लॅट भाव वाढायची वाट पाहायलाच घेतलेत. अशा ठिकाणी गाडीशिवाय भागत नाही हे परागला कळलं, यात त्याची चूक काढत नाही. क्लच नको, गियर नको, पापाचे गुडघे दुखतात, एवढा विचार त्यानं केला.

मग गाडी आली त्याच दिवाळीत त्यानं गाडीत एकेक वस्तू बसवायला सुरुवात केली. समोरच्या काचेवर कॅमेरा लावला. त्याचा एक डोळा रस्त्याकडे आणि एक आत बसणाऱ्यांकडे. खाली, गाडी कुठं आहे ते सांगणारं एक यंत्र. त्याच्या शेजारी मोबाइल चार्ज करायचा प्लग. यांनी हौसेनं आणलेली गजानन महाराजांची तसबीर होती, तिच्यामागचा लुकलुकता दिवाही तिथंच खोचला. वायरी इतक्या झाल्या की मला बसताना पदर सावरावा लागे.

"मम्मी, गाड़ी बंद रहेगी तब भी कैमरा चालू रहेगा," पराग म्हणाला. "कोई ठोक के गया तो मुझे वहीं मोबाइल पर दिख जाएगा." त्याला मराठी सगळं समजतं. उत्तर मात्र हिंदीतच येतं.

ठोकायला तिथं होतं कोण! पण दिवाळीला आलेल्या पोराला काय बोलायचं!

परागचा फोन रविवारी यायचा. "ठीक हो ना? दवाई ले रहे हो ना? ठीक है." एवढ्यात आटपायचा. थंडीत एकदा आम्ही जुन्या शहरातल्या ब्राह्मणपाऱ्याहून परत आलो. तिथं यांची धाकटी बहीण सुशीला राहायची. पार्किंगमध्ये गाडी लावून आम्ही आतच बसून बोलत होतो. बोलत म्हणजे भांडत होतो, खरं सांगायचं तर. दुसऱ्या दिवशी, रविवार नसताना, परागचा फोन आला. "कल पार्किंग में कितनी देर बैठे थे आप लोग! मम्मी, वो मरून स्वेटर अभी तक चला रही हो?" आणि हसला. किती दिवसांनी त्याचं हसणं ऐकलं मी.

यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "पाह्यलं? पोट्टा पाहून राहिला आपल्याले," म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून आमची गाडीत बैठक सुरू झाली. रोज संध्याकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसायचे. इंजिन चालू करायचे नाहीत, पेट्रोल कशाला जाळा. नुसतं बटण दाबायचं, म्हणजे आतला दिवा लागतो, पंखा फिरतो. आणि मग कॅमेऱ्याकडे पाहून बोलायचे. आज वांग्याची भाजी केली होती. लिफ्ट बंद आहे. मोतीबिंदूचा डॉक्टर अजून थांबा म्हणतो.

पहिल्यांदा मी खूप चिडवलं. "काहो, भिंतीशी बोलाले लागले का?" मग एक दिवस मीही गेले. दुसऱ्या दिवशी जाताना केस विंचरले. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "खाली पाहून नको बोलू, त्याले तोंड दिसलं पाह्यजे," आणि मी मान वर केली. हसू नका. बिल्डिंगमध्ये बोलायला दुसरं कोणी असतं तर आम्ही त्याच्याशी बोललो असतो.

फेब्रुवारीत गाडी एकदा बंद पडली. जवळच्या राखी गावातला मेकॅनिक आला, दुसऱ्या बॅटरीची तार जोडून त्यानं ती चालू केली. आत डोकावून म्हणाला, "बाबूजी, इंजन बंद और इतना सामान चालू. कैमरा भी पी रहा है, लाइट भी पी रही है. गाड़ी खड़ी रखना है तो ये सब निकाल दिया करो, नहीं तो रोज घुमाओ." यांनी निमूटपणे सगळे प्लग उपटले.

आम्ही वर येऊन चहा ठेवतो न ठेवतो तोच फोन. "पापा, कैमरा ऑफलाइन क्यों बता रहा है? क्या हुआ? आप लोग ठीक हो?" आवाजात काळजी होती, खरी काळजी होती. मग आमची विचारपूस केली, माझ्या पाठीचं विचारलं, आत्याचं विचारलं. शेवटी म्हणाला, "निकालना मत पापा, मुझे टेंशन हो जाता है."

फोन ठेवून हे चपला घालू लागले. मी म्हटलं, "मेकॅनिक काय म्हणून गेला, विसरले का?"

"पोरगं तेवढ्या दुरून आपल्याले पाहून राहिलं," हे म्हणाले, "अन् आपण त्याचे डोये झाकाचे?"

प्लग पुन्हा खोचले गेले. रोज फिरवू, असं ठरलं. रोज फिरवून जायचं कुठं? रुंद रस्त्यानं तळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. पंधरवड्यात कंटाळा आला. मग फक्त रविवारी ब्राह्मणपारा, सुशीलाकडे, एवढंच राहिलं.

सुशीला तोवर खाटेला लागली होती. पोटाचा आजार. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं, तिलाही. नवरा श्यामराव साधा माणूस, तिच्या पायाशी बसून असायचा. माहेर म्हणून तिला एक भाऊ उरला होता, हे. आई-बाप वर्ध्याकडच्या गावात केव्हाच गेले, घरही राहिलं नाही.

आमच्यात बाई गेली की तिला माहेरचं लुगडं नेसवतात. सासरचं कितीही भारी असो, शेवटचं वस्त्र माहेरचं. ते आल्याशिवाय उचलत नाहीत. सुशीलानं एका रविवारी यांचा हात धरला. "भाऊ, मायं लुगडं आत्ताच घेऊन ठेव. तुह्या त्या जंगलात वेळेवर दुकान कुठं भेटीन? हिरवं घेजो. काठाचं." आणि मग जरा थांबून, "तूच आणजो बरं. दुसऱ्याच्या हातचं नको मले."

हे उठले. बाहेर येऊन सरळ गोलबाजारात गेले, मी मागोमाग. दुकानदारानं विचारलं, लग्नासाठी दाखवू का. हे म्हणाले, बहिणीसाठी. हिरवं, रुंद काठाचं घेतलं, भाव केला नाही. ते कपाटात ठेवलं. त्या संध्याकाळी गाडीत बसून यांनी कॅमेऱ्याला सगळं सांगितलं. "पराग, आत्याले आता पाणीही जात नाही बरं. तुयं नाव काढत होती. एक फोन कर तिले." रोज सांगायचे. परागचा फोन सुशीलाला गेला नाही. कामात असेल, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.

मे महिन्यात यांना लू लागली, उन्हानं ताप भरला. दोन रविवार ब्राह्मणपाऱ्याला जाणं झालं नाही. गाडी चालवायचं अंगात त्राण नव्हतं. पार्किंगपर्यंत उतरायचं मात्र होतं, आणि उकडतं म्हणून आतला पंखा जोरात लावून बसायचं होतं. हे मी आज बोलते. त्या दिवसांत मीच कैरीचं पन्हं घेऊन शेजारी बसलेली असायची.

पहाटे श्यामरावांचा फोन आला. "भाऊ, सुशीला गेली. लुगडं घेऊन या. तुमच्याशिवाय उचलत नाही, पण उन्हाचं पाहा."

हे रडले नाहीत. आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, लुगड्याची पिशवी छातीशी धरली. आम्ही खाली आलो. किल्लीचं बटण दाबलं तर गाडीनं आवाज दिला नाही. दार किल्लीनं उघडावं लागलं. महाराजांच्या मागचा दिवा तेवढा मंद दिसत होता. यांनी चालू करायचं बटण दाबलं, कुठूनतरी टकटक झालं आणि तो दिवाही गेला.

पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मी म्हटलं, "अहो, बॅटरी गेली." हे माझ्याकडे पाहायलाच तयार नव्हते.

गेटवरचा दयाराम धावत आला. त्यानं मागून जोर लावला, मीही लावला. मग तोच थांबला. "धक्का मा ये गाड़ी चालू नइ होवय बाबूजी, आटोमेटिक हे." मेकॅनिकला फोन केला, तो लग्नाला गावी गेलेला. खालच्या मजल्यावरची दारं वाजवली, कुलपांशिवाय काही हाती लागलं नाही. तेवढ्यात श्यामरावांचा फोन. "भाऊ, कुठवर आले?"

"निघालो," हे म्हणाले.

मी यांच्याकडे पाहतच राहिले. "काहून खोटं सांगता? गाडी बंद आहे सांगा. तिथला एखादा पोट्टा मोटरसायकल घेऊन येईन."

यांनी फोन खिशात घातला. ब्राह्मणपाऱ्यात दर रविवारी ही गाडी दाराशी लावून यांनी पोराचं कौतुक सांगितलं होतं. कॅमेरा दाखवला होता. पोरगं हैदराबादेतून पाहतं म्हणून सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. आता त्याच पोराची गाडी बहिणीच्या मरणाला चालू झाली नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पुढचा फोन आला, तेव्हाही "निघालो" म्हणाले. तिकडे लोक वाट पाहत बसले.

परागला मी फोन लावला. "मम्मी, पैनिक मत करो, मैं कैब बुक कर देता हूँ." त्यानं केली. ड्रायव्हरनं इतक्या लांब यायला नकार दिला. दुसरी केली, तीही रद्द झाली. "बस, आ रहा है, बस," तो म्हणत राहिला, आणि ऊन पार्किंगच्या आत शिरलं.

शेवटी दयारामनं रस्त्यावर आडवं उभं राहून पाण्याचा टँकर थांबवला. ड्रायव्हरशेजारी हे, खिडकीशी मी, मांडीवर पिशवी. माझ्या नणंदेचं माहेरचं लुगडं पाण्याच्या टँकरमधून निघालं. जुन्या शहराच्या तोंडाशी त्यानं सोडलं, पुढं ऑटो केला. ऑटोत बसल्यावर यांनी श्यामरावांना फोन लावला. कोणी उचलला नाही.

गल्लीत शिरलो तर वाटेभर प्रेतयात्रेच्या लाह्या सांडलेल्या होत्या. हे त्या लाह्या पाहून ऑटोतच बसून राहिले. मग एका पोरानं यांना स्कूटरवर बसवून घाटावर नेलं. मी घरात गेले. बायकांनी जागा धुवायला घेतली होती.

शेजारची मीराबाई पुढं आली. धमतरीकडची छत्तीसगढी बाई, सुशीलाला जेवण भरवायची. माझे हात धरून म्हणाली, "बहुत रस्ता देखे भाभी. धूप चढ़ गई, लड़के लोग जल्दी करने लगे. फिर मैं ही उसका मायका बन गई. मेरे पास नया लुगरा रखा था, वही पहना दिया. बिना मायके के कैसे जाती?"

मी तिच्या पाया पडले. खरंच पडले. आणि त्याच वेळी तिचा इतका राग आला की तिच्या हातातून माझे हात सोडवून घेतले. दुसऱ्याच्या हातचं नको, म्हणाली होती ती.

हे घाटावरून आले. पिशवी जशीच्या तशी होती. अग्नी आधीच दिला होता. श्यामराव म्हणाले, "भाऊ, खूप थांबलो हो. तुम्ही निघालो म्हणत होते." या माणसानं रागावायला हवं होतं. तो रागावला नाही, म्हणून यांना जास्त लागलं. हे ओट्यावर बसले आणि मग रडले, मोठ्यानं, सगळ्या गल्लीसमोर.

संध्याकाळी परत फ्लॅटवर आलो. परागचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. आत्याबद्दल दोन शब्द बोलला, आवाज भरला होता, मी नाही म्हणत नाही. मग म्हणाला, "पापा, ऐप पर लो बैटरी का अलर्ट आ तो रहा था. इतने मैसेज आते हैं कि मैंने म्यूट कर रखा था. आप गाड़ी चलाते नहीं थे क्या?"

यांनी फोन माझ्याकडे सरकवला. मीच बोलले. "अरे, चालवत नव्हतो, पण बसत तर होतो रोज. तुले दिसलं नाही का?"

"कहाँ बैठते थे?"

"गाडीत. संध्याकाळी. तुयाशी बोलत."

पराग म्हणाला, "मम्मी, वो तो रोज कौन देखता है? कुछ ठोक-ठाक हो तभी देखते हैं. रिकॉर्डिंग भी अपने आप मिट जाती है." मग घाईनं, "रोज बैठते थे? गाड़ी में? क्यों?"

हे उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी फोन बंद केला. क्यों म्हणे.

परागनं हैदराबादेतून नवी बॅटरी मागवली, बसवणारा माणूस येऊन बसवून गेला. यांनी त्याच्याकडून कॅमेरा, दिवा, यंत्र, सगळ्या वायरी काढून घेतल्या आणि पॉलिथिनमध्ये कोंबून चपलांच्या रॅकवर फेकल्या. महाराजांची तसबीर तेवढी देवघरात ठेवली. तेव्हापासून हे फारसं बोलत नाहीत. खालीही उतरत नाहीत. कॅमेरा बंद आहे म्हणून परागचा फोन येईल, असं मला वाटत होतं. रविवारी आला, रविवारचाच.

लुगड्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. कोणी म्हणालं नदीत सोडा. हे म्हणाले, दयारामच्या बायकोला देऊन टाक. मी म्हटलं, "राहू द्या. माया माहेरी तरी कोण उरलं आहे? मले कामी येईन." हे माझ्याकडे पाहत राहिले. मी पिशवीची घडी नीट केली आणि ती कपाटात ठेवून दिली.

काल दुपारी हे झोपले होते. मी रॅकवरचं पॉलिथिन उचललं, केस विंचरले आणि खाली गेले. कुठली पिन कुठं जाते ते मला नीट माहीत नाही, पण कॅमेऱ्याची ओळखू आली. काचेवर चिकटवला, प्लग खोचला, त्याचा बारीक लाल दिवा लागला. गाडी तापली होती, म्हणून बटण दाबून पंखा लावला.

खाली न पाहता, मान वर करून बोलले. "पराग, कपाटात वरच्या खणात, शालींच्या खाली एक हिरवं लुगडं आहे. गोलबाजारच्या पिशवीतच आहे. ते मायं आहे. ऐन वेळेवर शोधत नको बसू."

पंख्याचा आवाज होत होता. त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून तेच पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं.